शूटिंगचा नळ

मानवतला पिच्चरवाले आले तेव्हा
पुढाऱ्याचं जाकीट शिवायचं काम मला भेटलं.
नट काडीपैलवान, पोटाला कापूस बांधून उभा.
म्हणाला, मास्टर, घट्ट शिवा,
भाषणात बटण तुटलं पाहिजे.
मी म्हणलं, साहेब, इथं कुणाचं तुटत नसतंय,
आम्ही दोन बोटं ढील धरूनच शिवतो.

सीन एवढाच होता.
पुढारी फीत कापतो, तोटी फिरवतो,
फोटो निघंपर्यंत पाणी,
फोटो निघाला की हवा.
फुस्स.
अन् लोक टाळ्या वाजवतात.
टाळ्या आमच्याच. अडीचशे रुपये, दुपारी पुरीभाजी.

जिनिंगच्या भिंतीमागं टँकर लपवलेला.
नटाचं काही जमंना. कधी बटण आधीच तुटायचं,
कधी हवेच्या आधी हसू यायचं.
प्रत्येक टेकला पाणी नव्यानं सोडायचे
अन् सोजरबाई निळी कळशी घेऊन पुढं.
वो मावशी, बाजूला व्हा, दिसायलात तुम्ही!
ती म्हणली, दिसू द्या की.
लेकरा, चुक तू आणखी एकदा,
अजून रांजण राहिलाय.

अकरा टेक झाले.
गल्लीनं दोन दिवस आंघोळी केल्या.
जाताना त्यांनी नळ उपटून गाडीत टाकला.

पिच्चर परभणीला लागला. जीप करून गेलो.
पुढच्या रांगेत आमचे अध्यक्ष,
हसून हसून चष्मा पुसायले.
मध्यंतरात म्हणले, हुबेहूब!
मागचा अध्यक्ष अस्साच होता बघा.
मागचा अध्यक्ष दोन खुर्च्या सोडून बसलेला,
तोबी मान हलवत होता.
आम्हीबी हसलो. पैसे दिलेले.
पडद्याच्या कडेला अर्धी निळी कळशी आली
तेव्हा अंधारात सोजरबाईचा आवाज,
"ही भरली होती."

मग चैतात आमच्या गल्लीत खरा नळ आला.
खरी फीत, खरे अध्यक्ष, अंगात माझं जाकीट.
तोटी फिरवली.
फोटोपुरतंबी पाणी नाही.
टाळ्या वाजल्या, ह्या वेळी फुकट.
अन् मागून सोजरबाई, कळशी डोक्यावर,
मोठ्यानं म्हणली,
"चुकलं! परत एकदा घ्या!"

सगळे हसले. अध्यक्षांनाबी वाटलं, कौतुक आहे.
त्यांनी हात जोडले,
अन् खरंच
तोटी परत एकदा फिरवली.

मी बटणाकडं बघत होतो.
ढील होती. टिकलं.

काल ते नवं जाकीट टाकून गेले.
माप वहीत आहे.
ढील किती धरावी, अजून ठरंना.