हा झाला

शाई जांभळी होती.
बाण उजव्या मनगटावर, टोक बोटांकडे,
खाली त्या पोरसवदा डॉक्टरची आद्याक्षरं.
हाच ना, त्यानं विचारलं. हाच, मी म्हणाले,
रात्री तीनला लाकडाचा होतो, तो.

गुंगी उतरली तेव्हा बाण होता तिथंच होता.
उलट जरा जास्तच ठळक वाटला.
पट्टी डाव्या हाताला.

आधीच्या बाईंचा नंबर बदलला होता म्हणे,
टेबल फिरवून लावलं होतं,
निळ्या कापडाखाली हात म्हणजे हातच.
डॉक्टर क्रूकशँक स्टूल ओढून शेजारी बसल्या,
चूक माझी आहे म्हणाल्या. रडल्यासुद्धा थोडं.
मी त्यांना थोपटायला गेले,
तर कुठला हात उचलावा ते कळेना.

हॅलिफॅक्सचे वकील मॅकइसाक, समोर गार झालेला चहा,
म्हणाले, आपल्याकडे माफी पुराव्यात धरत नाहीत,
कायदाच आहे तसा.
आधी नोंदी मागवू. मग दुसऱ्या एखाद्या सर्जनचं लेखी मत.
दावा दोन वर्षांच्या आत, एक दिवस इकडेतिकडे चालणार नाही.
आणि त्या रडल्या, ते?
ते तुमच्यापाशी ठेवा.

मग विचारलं, तुमचा कामाचा हात कोणता?
मी शिडं शिवते, मिस्टर मॅकइसाक,
लुनेनबर्गच्या धक्क्यावर, चव्वेचाळीस वर्षं.
उजवा सुई रेटतो. डावा कापड ताणून धरतो,
आणि शिवण वाकडी चालली तर
डाव्यालाच आधी कळतं, डोळ्यांच्याही आधी.
त्यांनी लिहिलं: उजवा.
भरपाईचा आकडा तिथल्या तिथे आक्रसला,
नवं सुती शीड पहिल्यांदा भिजल्यावर आक्रसतं तसा.

वर्ष उलटल्यावर तडजोडीचा कागद आला.
कलम नऊ: यातलं काही, कधीही, कुणाला सांगू नये.
म्हणजे या हाताचं त्या हाताला कळू द्यायचं नाही.
पण त्याला कळलंय.
खाडीवर धुकं उतरलं की
व्रणापासून अंगठ्यापर्यंत कळतच राहतं.

अजून सही केली नाही.
कागद मेणाच्या ढेपेखाली आहे,
एका कोपऱ्याला डाग पडलाय.
हरमन निकलचं मोठं शीड गुरुवारी द्यायचं होतं,
ते दुसऱ्याकडे गेलं.

उजवा मात्र व्हायचाच राहिला होता.
मंगळवारी गेले. तेच हॉस्पिटल, सर्जन नवा,
भिंतीवर नवी पाटी: थांबा. नाव विचारा. बाजू विचारा.
मीच मार्कर मागितला.
मुंग्या आलेल्या बोटांनी डाव्या हातावर,
व्रणाच्या जरा खाली,
पहिलीतल्या पोरीसारखं गिचमिड लिहिलं:
हा झाला.

नर्सनं वाचलं. हसली नाही.
पुन्हा वाचलं, मोठ्यानं,
खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू जाईल असं.