कात्रणांवर

सुभाषनगरात रात्री दहानंतर
शिलाईची मशिनं गप्प होतात,
तेव्हा मी तळाची उरलेली कात्रणं पाटावर घेते
आणि ओल्या फडक्यानं पुसते.
लगेच कापायचं नाही.
पाणी आत मुरू द्यायचं.
कातडं काळं पडतं, मग हळूहळू आपल्या रंगावर येतं,
गालाला लावून बघावं तर अजून गार.
तेव्हा.
तोवर हिरड्याचा आंबूस वास खोलीभर.

सुरी भाच्यानं आणली, चेन्नईहून.
बोटभर उंचीची, पितळी,
वर तर्जनीला बसायला खोगीर,
खाली कललेलं पातं,
आणि मधली दांडी फिरते, भोवऱ्यासारखी.
रापी अशी फिरत नाही.
रापी सासऱ्यांपासूनची, ती पुढं रेटायची,
आणि तीही माझ्या हातात कुणी दिली नव्हती.
तीस वर्षं मी वेण्या घातल्या,
गोंडे बांधले, कान शिवले.
कापणं पुरुषांचं, असं कुणी म्हणालं नव्हतं.
फक्त रापी ठेवायची फळी उंच होती.

आता त्या फळीखाली मालक बसतात, भिंतीला टेकून.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
एकाचं ऑपरेशन झालं आणि बिघडलं.
पंचेचाळीस वर्षं कापलं त्यांनी.
आता ऐकतात.

"कोरडं हाय. करकरलं."
"लई भिजीवलंस. चिखलात पाय घातल्यागत वाजतंय."
"खांदा लावू नको आनसे, ही काय तालीम हाय व्हय?
वड तिला आपल्याकडं, अन् बोटांनी फिरीव,
कुलपात किल्ली फिरवल्यागत."
त्यांनी या सुरीनं एकही काप दिलेला नाही.
दोनदा हातात घेऊन चाचपली, एवढंच.

फुलं-पानं भाच्याच्या कागदावरून उतरतात.
त्यात काही नाही, रेघ दिसते, रेघेवरून जायचं.
शेवटचे काप मात्र मनानं द्यायचे,
पाकळीच्या पोटातून निघणारे,
आधी खोल, मग पातळ, मग
कुठं संपले ते कळू नये असे.
उंदराची शेपटी.
माझ्या शेपट्या मध्येच तुटतात,
नाहीतर टोकाशी फाटा फुटतो.

चौथीपर्यंत शाळा. वेलांट्या तेव्हाही जमत नव्हत्या,
पहिली कुठं वळते, दुसरी कुठं.
बाईंनी पाटीभर काढून घेतल्या होत्या.
पण पाटीवर थुंकी लावली की झालं.
कातडं विसरत नाही.
या म्हशीला कधीतरी काटेरी तार लागली होती,
ती अजून दिसते, डावीकडं, वरच्या कडेला.
मी त्या ओरखड्याखालीच माझ्या ओळी मांडते.
गंमत बघा, तो नीट उतरलाय,
खोलातून निघून विरत गेलेला.
तारेला कुणी शिकवलं नव्हतं.

पंधरा काप झाले की पातं अडखळतं.
मग जुन्या पट्ट्यावर लाल पूड, चारपाच हात,
आणि पुन्हा.

सव्वाअकरा. चाळीस काप. अंगठ्याशेजारी फोड.
मालक हात पुढं करतात.
करंगळीचं नख वाढवलंय त्यांनी,
ते एकेका कापातून फिरवतात,
न बोलता, तांदळातले खडे शोधावेत तसे.
एका जागी थांबतात.
मागं येतात. परत जातात.
"ह्यो कुणाचा?"

तारेचा असेल, मी म्हणते.

"न्हवं. तारेचा मगाशीच गेला, वर. ह्यो."

वाकून बघते. तिसऱ्या ओळीत, शेवटून दुसरा.
माझाच की.

"मग बाकीचं कुणाचं?"
हसतात, कात्रण परत देतात.
"असाच दे आणखी एक."

तो कसा दिला ते मला आठवत नाही.
मी फडकं पुन्हा ओलं करते.