काटापावती

परतूरच्या मोंढ्यात माझे वडील मापाडी.
काटा आता विजेचा, आकडे लाल उजळतात,
तरी पहिलं पोतं चढलं की ते एक म्हणत नाहीत,
लाभ म्हणतात.
मग दोन, मग तीन.
पहिलीत मी पाढेही तसेच म्हटले
आणि बाईंनी हातावर पट्टी मारली.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला कागद आला :
सहा आठवडे कुठंतरी हिशेबाचं काम शिका,
शिक्का घेऊन या.
वर्गातल्यांना मामा होते.
मामांना सी.ए. मित्र होते.
मलाही मामा आहे,
सेलूला बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो.

जालन्यात मी चौदा जिने चढले.
कुणाच्या ओळखीनं आलीस?
पाणी विचारायच्या आधी हे.
एका ठिकाणी भाचा येणार होता,
एका ठिकाणी भाचा आलेला होता,
एका ठिकाणी साहेबांनी माझ्या बायोडाटावर
चहाचा कप ठेवला
आणि मी बघत राहिले
गोल कसा ओला होत गेला
नेमका अनुभवाच्या ओळीवर.
अनुभव : निरंक.
मीच टाइप केलं होतं ते,
जागा कोरी सोडायची लाज वाटली म्हणून.

पंधरावा जिना नव्हता, गेट होतं.
एमआयडीसीत सळयांचा कारखाना,
भट्टीची धग रस्त्यापर्यंत.
वॉचमन वहीत लिहून घेत होता :
सुमेधा खंदारे. परतूर. काय काम?
काम पाहिजे.
तो हसला,
पण लिहिलं त्यानं तसंच.

फायनान्सच्या तांबोळी मॅडम, चष्मा केसांत खोचलेला.
मुलाखत वगैरे काही नाही, ऑडिट तोंडावर.
भंगाराच्या ट्रकांच्या काटापावत्यांचा गठ्ठा
पुढ्यात ढकलला :
भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी.
बिलाशी जुळतं का बघ.
पॅसेंजरला वेळ आहे ना तुझ्या?

जुळत होतं.
किलोला किलो.

तेच खटकलं.
एका गाडीचं रिकामं वजन
अकरा फेऱ्यांत अकराही वेळा
नऊ हजार आठशे चाळीस.
मॅडम, रिकामी गाडी रोज तेवढीच भरत नाही.
टाकीत डिझेल कमीजास्त असतं,
चाकांना चिखल असतो,
क्लीनर कधी वर झोपलेला असतो, कधी टपरीवर.
ही गाडी रिकामी होऊन काट्यावर चढलीच नाही.
कुणीतरी जुनी पावती बघून लिहिलंय.

चष्मा केसांतून नाकावर आला.
कुठं शिकलीस हे?
कॉलेजचं नाव ओठांवर आलं होतं.
मोंढ्यात, म्हणाले.

महिना पाच हजार, सोमवारपासून.

घरी वडील पायांवर पाणी घेत होते,
भुवयांत तुरीची धूळ.
पैसे नाही विचारले त्यांनी.
काटा किती टनी हाय?
साठ.
जरा वेळ गप्प. मग आत आईला,
ऐकलं का, साठ टनी काट्यावर लागली पोरगी.
रात्री दार लावताना मात्र म्हणाले,
ज्याचं वजन धरलंस
त्याच्या डोळ्यात येशील. जपून ऱ्हा.
बसणाराला कुणीतरी सांगितलेलं असतंय,
तो मनानं नसतो लिहीत.

सोमवारी काट्याच्या खोलीत
दुसराच पोरगा होता.
आधीच्याचा डबा खिडकीत तसाच,
झाकणावर रंगानं लिहिलेलं नाव,
अर्धं खरवडलेलं.
मला तो कसा दिसायचा तेही माहीत नाही.

मॅडमनी नवं रजिस्टर दिलं.
अनुक्रमांकाच्या रकान्यात पेन टेकवलं,
एक लिहिलं,
तोंडातून निघालं, लाभ.
काय म्हणालीस?
काही नाही.
दोन.