दोन मुसळ्या

माझं आडनाव निनावे,
आणि नोकरी मिळाली ती नावं लावण्याच्या खोलीत.
अमरावती रोड, मागची इमारत, डांबरगोळ्यांचा वास.
वाळलेली झाडं मी कागदाला शिवते.
बाबा गोळीबार चौकात लुगड्यांचे काठ विणायचे;
माग गेला, दोरा राहिला.

आज टेबलावर दोघी आहेत:
पांढरी मुसळी, आणि तिच्याच कुळातली कुळी.
पानांवरून सांगता येत नाही,
वाळली की सगळीच पानं पान.
फुलं दोघींची पांढरी, सहा पाकळ्यांची.
कुळीचं जरा मोठं, त्याला वास असतो म्हणे.
वासाला टाका घालता येत नाही.

म्हणून मानेखाली बघायचं.
पांढरीचे कंद मानेलाच बिलगलेले,
थंडीत मुठीत लपवलेल्या बोटांसारखे.
कुळीचा कंद लांब, बारीक मुळाच्या टोकाला:
कोणी विहिरीत बादली सोडली
आणि ओढायचं विसरून गेलं.

एवढाच फरक.
आणि तो बघायला उपटावं लागतं.

सुगरता मरसकोल्हेनं आणल्या दोन्ही, देवलापारकडून.
म्हणाली, "कुळीची आम्ही भाजी करतो बाई,
पान खुडतो, कंद राहू देतो.
पांढरी खणतो ते तुमच्या इतवारीसाठी."

इतवारीत, किराणा ओळीत, गेले होते मी.
बैदजींनी पोत्यात हात घालून मूठ उघडली:
"पांढरं आहे ना? मग मुसळी."
साल निघाल्यावर
कोणाची मान, कोणाची दोरी.

सुगरतानं कपाट उघडं पाहून विचारलं,
"पांढरीचे किती कागद हायेत?"
एकवीस, मी म्हटलं, जरा अभिमानानंच.
ती बोटांवर काही मोजत राहिली.
"म्हणजे आमची अख्खी टेकडी," म्हणाली,
आणि चहाचा कप धुऊन पालथा ठेवला.

छापील कागदावर रकाना आहे: फरक.
साम्याला रकाना नाही.
दोघी विरळ होत चालल्या, हे कुठे लिहू?
समासात लिहिलं, पेन्सिलीनं.

मग सुई ओवली.
कुळीचं ते बारीक मूळ तुटू नये म्हणून
पहिला टाका तिथेच घातला, सैल.
संग्राहक म्हणून सुगरताचं पूर्ण नाव लिहिलं,
साहेब काय म्हणायचं ते म्हणोत.

शिवणारीचं नाव लावायची पद्धत नाही.