तळघरातला चौथा क्वार्टर

शेवटची सात मिनिटं उरली
की मी बरण्या मोजायला तळघरात उतरते.
बिटाच्या अकरा, काकडीच्या नऊ,
एकीचं झाकण फुगलंय, ती धरायची का?

वर व्हिदमांतास टीव्हीसमोर
मोजे उलटे घालून बसलाय, शकुनाचे.
तुझ्या छातीत काळीज आहे की बटाटा, मी विचारते.
माझ्या काळजाला जिना लागतो,
अठ्ठेचाळीस पायऱ्या, आणि खाली ओल.

एकदा पाहिलं होतं मी.
एका गुणाने मागे, शेवटचा फ्री थ्रो,
पोरगा चड्डीला हात पुसत होता
आणि मी नेमके डोळे उघडे ठेवले.
चेंडू रिंगवर फिरला, फिरला,
बाहेर.
व्हिदमांतास काहीच बोलला नाही.
नुसतं सूप गार होऊ दिलं.

कौनासमधली आमची इमारत पातळ भिंतींची,
पाइपातून सगळं कळतं.
पाय आपटले, तर बास्केट आपली.
शांतता, तर त्यांची.
पहिल्या मजल्यावरची ब्रोनेबाई देवाला हाक मारते,
पण ती दोन्ही वेळा मारते.

आता पाइप मुके.
टायमरचा दिवाही विझला.
अंधारात फुगलेल्या झाकणावर अंगठा दाबून उभी आहे,
सोडला तर

जिन्यात पावलं. सावकाश.
जिंकलेला माणूस असा उतरतो का?

व्हिदमांतास दारात. दिवा लावत नाही.
“बरोबरी. जादा पाच मिनिटं,” म्हणतो,
आणि चाचपडत उपड्या बादलीवर टेकतो.

“बिटाच्या किती झाल्या?”