डावी बाजू कोणाची

सात रस्त्याच्या दुकानात रेवणसिद्ध नावाच्या पोरानं
गादीची चेन सर्रकन ओढली
आणि पोट फाडून दाखवावं तसे
आतले तीन थर दाखवले.
पांढरे, लिबलिबीत, फुग्याच्या तोंडाचा वास.
अंगभर भोकं, थालिपिठाला बोटानं पाडतो तशी.
म्हणाला, मावशी, एप्रिलमध्ये कळेल
ही भोकं कशाला ते.

हे आधी बोटानं दाबून बघत राहिले.
दाबलं की खड्डा, बोट उचललं की काहीच नाही.
तीस वर्षं मागावर उभं राहिलेल्या माणसाला
असलं काही आवडत नाही,
जे झाल्याची खूण ठेवत नाही.
"सूत असतं तर सांगितलं असतं किती नंबरचं,"
माझ्या कानात म्हणाले, मोठ्यानं.
मागाच्या खडखडाटानं यांचा हळू आवाज
कधीच नेलाय.

पोरगं वहीत लिहीत होतं.
काकांचं वजन? कंबर दुखते? मग खालचा थर कडक.
मावशी कुशीवर झोपतात? मान?
मान, म्हटलं. मांडीवर सूप, सुपात पान,
रोजच्या हजार विड्या, मान खालीच.
मग तुम्हाला वरचा थर मऊ.
अर्धी गादी अशी, अर्धी तशी,
आवडलं नाही तर घरी चेन उघडायची
आणि थर वरखाली करायचे.
चादर बदलण्याइतकं सोपं.
(हे ऐकून यांनी पोराकडे असं बघितलं!
चादर सोपी असते, असं सोलापुरात म्हणतात का कुणी.)

पैसे पद्मजानं पुण्याहून पाठवलेले.
तिला परत कसे करणार, म्हणून आम्ही गप्प.

मग शेवटचं, पेन कानामागे ठेवून :
"डावी बाजू कोणाची?"

बघा, एवढंच विचारलं.
मी यांच्याकडे, हे माझ्याकडे.

आमच्या साखर पेठेतल्या खोलीत कापसाची एकच गादी.
मी रात्री निजायची, मधोमध.
सकाळी साडेसातला हे रात्रपाळीहून यायचे,
केसांत कापूस, भुवयांत कापूस,
मी उठलेल्या जागेवर तसेच आडवे, मधोमध.
मी दारात सूप घेऊन बसायची.
एकच खळगा पडला होता गादीला.
दोघांना पुरला.
पोरं झाली ती सगळी सुट्टीच्या वाराची.

मिल नाही, कारखाना बंद, आता रोजच सुट्टी.
आणि हा विचारतोय डावी कोणाची.
"लिही कायतरी," हे म्हणाले.
पोरानं डावीकडं माझं नाव घातलं,
राजमणी येमुल, मऊ.

टेम्पोतून गादी आली. जिना अरुंद,
तिला दुमडून आणली, वर आल्यावर
सुटली आणि शेजारच्या नागमणीच्या चपला उडवल्या.
यांनी कपाटातून चादर काढली,
स्वतः विणलेली, मोराची, वीस वर्षं घडीतली.
अंथरली तर तिची रुंदी मध्येच संपली.
दुसरी जोडून अंथरली.
मोरांची तोंडं एकमेकांकडे झाली,
चुकून. नीट करायला कुणी उठलं नाही.

पहिल्या रात्री मी डावीकडं, हे उजवीकडं.
पाहुण्यासारखे. हातपाय आवरून.
पंखा. दूर कुठंतरी एक माग चालू होता,
नाहीतर मला तसं वाटलं.
दोनला जाग आली. हे जागेच.
"ऊन नाही तर झोप कशी यायची," म्हणाले.

पहाटे बघते तर
मऊ अर्धं रिकामं, कडक अर्धं रिकामं,
आणि बरोबर शिवणीवर, जिथं दोन थर भेटतात,
दोघंही. माझा कोपर यांच्या बरगडीत.
जुन्या खळग्याच्या जागी.
तिथं खळगा नाही. ही गादी खळगा धरतच नाही.

आठ दिवसांनी रेवणसिद्धचा फोन.
मावशी, बाजू बरोबर बसल्या का? थर बदलायचेत?
म्हटलं, तुझ्याकडं मधला तुकडा
वेगळा मिळतो का रे, हातभर रुंद.
तो म्हणाला, तसं कुणी मागत नाही.
मापं मात्र लिहून घेतली.