मजकूर

परवा आयोजक आले. म्हणाले,
दोन सन्मानपत्रं पाहिजेत, रविवारच्या आत.
एक शेख नबीलाल गुरुजींचं, मरणोत्तर.
एक हौसाबाई मारकडचं.
मजकूर तुम्हीच टाका, तुम्हाला सवय आहे.

सवय आहे खरी.
भूमच्या स्टँडमागं सतरा वर्षं
वाढदिवस, दहावे, निवडी, उद्घाटनं
ह्याच बोटांनी जुळवत आलो.
'निसर्गसेवक' नावाची एक फाईलसुद्धा तयार आहे:
मागं धबधबा, कोपऱ्यात वाघ,
मध्ये नावापुरती जागा.

नाव टाइप केलं
आणि धबधब्यात गुरुजी बुडायला लागले.

आपल्या माळावर कुठला धबधबा.
कुसळ आहे, पवन्या आहे,
एखादी बोरीची जाळी, मग नुसता मुरूम,
आणि मुरमाच्याच रंगाची अंडी,
दिसत नाहीत म्हणून जगणारी.

गुरुजी एकदाच आले होते दुकानात.
सकाळची शाळा सुटल्यावर, भर उन्हात,
सायकल भिंतीला टेकवून.
उरल्यासुरल्या फ्लेक्सचे बारा तुकडे मागितले, वहीएवढे.
त्यावर एवढंच:
इथे अंडी आहेत. पाय जपून.
मी लाल अक्षरं काढली, तर म्हणाले,
'लाल नको बाबा. लाल बघून लोक जवळ येतात.
मातकट कर.'
साठ रुपये झाले. चिल्लर मोजून दिली.

मशीनवर तेव्हा वृक्षलागवडीचा
बारा बाय वीस सुटत होता.
हिरवागार, वर सात जणांचे हसरे चेहरे.
गुरुजी तो पूर्ण बाहेर येईपर्यंत थांबले.
'झाड चांगलंच की,' म्हणाले,
'पण मोकळी दिसली म्हणून जागा रिकामी नसते.'
आणि पायडल मारत गेले.

आठ दिवसांत जेसीबीनं माळावर खड्डे घेतले,
रांगेनं, दोरी लावून.
तो फ्लेक्स तिथंच उभा होता, दोन बांबूंवर.
बिल मला वेळेवर मिळालं.

काल त्यांच्या मुलानं वही आणून दिली.
एकतीस वर्षांच्या वह्यांतली ही एकच
उंदरांच्या तावडीतून सुटली.
धाविक, टिटवी, पखुर्डी,
तारीख, वारा, घरटं कितवं,
आणि शेवटी शेरा, प्रगतिपुस्तकावर देतात तसा:
'दोन पिल्लं. प्रगती समाधानकारक.'
खड्ड्यांच्या दिवशीचं पान उघडलं.
'सर्व गैरहजर.'

हौसाबाईंचा फोटो नव्हता कुणाकडं.
मीच गेलो माळावर, मोबाइल घेऊन.
त्या पाठमोऱ्या, मेंढरं पुढं.
'उगं कामून आलास उन्हाचं?'
मग चालता चालताच सांगितलं,
गुरुजी गेले, पाट्या वाऱ्यानं फाटल्या,
तवापासून घरट्याभवती मी तीन दगडं ठिवते.
मेंढरांना वाचाय येतंय का? पर वळतेत.

लांडग्याचं विचारलं.
'मागल्या साली त्यानं पाच नेली. औंदा दोनच.'
म्हणालो, मग बरंच झालं की.
तेव्हा पहिल्यांदा वळून बघितलं माझ्याकडं.
'बरं कशाचं? कमी व्हायलाय त्यो.
वाटा न्यायला बी कुनी ऱ्हायना.'
तोंड फिरवलं, शीळ घातली.
फोटोत पाठच आली. आणि थोडी धूळ.

रात्री दीड वाजता धबधबा पुसला.
वाघ पुसला.
'अथक परिश्रम' पुसलं, 'मोलाचं योगदान' पुसलं,
'आम्हास अभिमान' तेवढं कितीतरी वेळ राहिलं,
मग तेही.
मागं मुरमाचा फोटो टाकला, माझ्याच हातचा, हललेला.
खाली दोन नावं, दोन कागदांवर.
आणि मधोमध गुरुजींचंच वाक्य,
मुरमाहून इतकुसं गडद.

सकाळी आयोजकांनी उजेडात धरून बघितलं,
उलटं करून बघितलं.
'अहो, हे तर कोरंच दिसायलंय.'

मी म्हणालो, जरा वाका.